दीड वायल म्हणजे सिरिंजवरची नेमकी कोणती रेघ?

प्रश्न: माझं वय ३३. आमचं आयव्हीएफ सुरू आहे. सेंटर नागपूरला आणि आम्ही अकोल्याला, म्हणून इंजेक्शनं मी घरीच घेते. रोज एचएमजी (अंडी वाढवायचं हार्मोनचं इंजेक्शन) २२५ युनिट लिहून दिलंय. मेडिकलमध्ये ७५ च्या वायल संपल्या होत्या, १५० च्या मिळाल्या आणि ‘दीड वायल घ्या’ असं सांगितलं. प्रत्येक वायलमध्ये १ मिली पाणी घालते. पहिली पूर्ण घेते आणि दुसरीतून इन्सुलिनच्या सिरिंजने ७५ च्या रेघेपर्यंत ओढते. तीन दिवस असंच केलं. काल दुकानदाराने लाल टोपणाची सिरिंज दिली, तिच्यावर ४० च्या पुढे आकडेच नाहीत. शेवटी अंदाजाने अर्धी सिरिंज भरून घेतलं. उरलेलं औषध वायलमध्येच फ्रीजमध्ये ठेवलंय, अजून वापरलं नाही. उद्यापासून सेट्रोरेलिक्सही सुरू होतंय, तेही पावडरचंच. दोन्ही एकत्र करून एकच सुई घेतली तर चालेल का? सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर जिवाला धोका असतो का? आणखी एक. माझा दीर जिमला जातो, त्याने ऑनलाइन बीपीसी-१५७ नावाची पेप्टाइड पावडर मागवली आहे. ‘वहिनी, तुम्हाला जमतंय तर माझंही इंजेक्शन तयार करून द्या’ म्हणतो. देऊ का?

उत्तर: ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा. आधी सेंटरला फोन करा आणि तीन दिवस ठरल्यापेक्षा जास्त औषध गेलं, एवढं सांगा. किती जास्त, तेही आकड्यात सांगता येईल. रोज २२५ ऐवजी २६२.५ युनिट गेलं, म्हणजे दिवसाला ३७.५ जास्त, तिन्ही दिवसांचं मिळून ११२.५. काल अंदाजाने घेतलेला डोस मात्र बरोबर होता.

हा फोन टाळू नका. एवढ्या फरकाने लगेच काही बिघडतं असं नाही, आणि एचएमजीचा डोस डॉक्टर स्वतःच मध्येच वाढवतात, कमी करतात. पण तो कमी-जास्त करताना ते सोनोग्राफीत फॉलिकल (अंडं ज्यात वाढतं ती पाण्याची पिशवी) किती आणि केवढी झाली ते बघतात, रक्तातलं एस्ट्राडायॉल हे हार्मोन बघतात आणि हे सगळं २२५ वर झालं असं धरून पुढचा डोस ठरवतात. प्रत्यक्षात ते २६२ वर झालेलं असेल तर त्यांचा हिशोब सुरुवातीलाच चुकतो. तुमच्यावर रागावण्यापेक्षा त्यांना हा आकडा मिळणं जास्त गरजेचं आहे. पोट टम्म फुगलं, उलट्या होऊ लागल्या, दम लागला, लघवी कमी झाली किंवा एक-दोन दिवसांत वजन भराभर वाढलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. बीजकोष औषधाला जास्त प्रतिसाद देतात तेव्हाची ही लक्षणं आहेत. ट्रिगरच्या, म्हणजे अंडी काढण्याआधीच्या शेवटच्या इंजेक्शननंतर ती जास्त दिसतात, म्हणून तेव्हाही लक्षात असू द्या.

आता चूक कुठे झाली ते बघू. ती तुमच्या एकटीची नाही, ‘युनिट’ या शब्दातच ती दडलेली आहे. युनिट हे वजन नाही आणि मापही नाही. औषधाचा शरीरावर किती परिणाम होतो त्याची ती मोजणी असते आणि ती प्रत्येक औषधाची वेगळी ठरवलेली असते. तुमच्या वायलवरचे १५० युनिट हे एचएमजीचे. सिरिंजवरचे आकडे इन्सुलिनच्या युनिटचे. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. इन्सुलिन बनवणारे १ मिलीमध्ये १०० युनिट भरतात, म्हणून त्या सिरिंजवर १ मिलीच्या ठिकाणी १०० लिहिलेलं असतं. आपल्याकडे १ मिलीमध्ये ४० युनिटचं इन्सुलिनही सर्रास मिळतं. त्याची सिरिंज वेगळी, तिच्यावर त्याच १ मिलीच्या ठिकाणी ४० लिहिलेलं असतं. केशरी टोपणाची ती यू-१००, लाल टोपणाची ती यू-४०. नळी तेवढीच, मावतंही तेवढंच, आकडे फक्त वेगळे.

तुमचं औषध १ मिलीमध्ये १५० युनिट होतं. त्यातले ७५ हवे असतील तर अर्धा मिली लागेल. अर्धा मिली म्हणजे केशरी टोपणाच्या सिरिंजवर ५० ची रेघ आणि लाल टोपणाच्या सिरिंजवर २० ची. तुम्ही केशरी सिरिंजवर ७५ पर्यंत ओढलंत, म्हणजे पाऊण मिली, म्हणजे ११२.५ युनिट. लाल सिरिंज अर्धी भरलीत तेव्हा ती बरोबर २० वर थांबली. म्हणून पावडरच्या औषधाला इन्सुलिनची सिरिंज वापरायची झाली तर तिच्यावरचा ‘युनिट’ हा शब्द डोक्यातून काढून टाका आणि फक्त मिली धरा. यू-१०० वर १० म्हणजे ०.१ मिली. यू-४० वर ४ म्हणजे ०.१ मिली. शक्यतो मिलीच्या रेघा असलेली साधी १ मिलीची सिरिंजच मागा. मेडिकलमध्ये ‘ट्युबरक्युलिन सिरिंज’ म्हटलं की देतात.

पण खरं सांगायचं तर तुम्हाला हे मोजायची वेळच यायला नको होती. दुकानदाराला आजच १५० ची एक आणि ७५ ची एक वायल मागवायला सांगा, किंवा ७५ च्या तीन. वायल पूर्ण घ्यायची असेल तर पाणी १ मिली घातलं की ०.९ मिली, याने डोस बदलत नाही, कारण आतलं सगळंच औषध तुमच्या अंगात जातं. अर्धी घ्यायची असेल तर मात्र पाण्याचा थेंबन् थेंब मोजावा लागतो. समजा, पाण्याचं ॲम्प्यूल (काचेची बंद कुपी) फोडताना थोडं सांडलं आणि १५० च्या वायलमध्ये ०.८ मिलीच पाणी गेलं. आता अर्धा मिली ओढलात तर ७५ ऐवजी जवळजवळ ९४ युनिट जातील, आणि रेघ तर अगदी बरोबर दिसेल! ॲम्प्यूलवर १ मिली लिहिलेलं असलं तरी आत थोडं जास्तच भरलेलं असतं, त्यामुळे चूक उलट्या बाजूनेही होते. ‘अख्खं ॲम्प्यूल घातलं’ हे माप नव्हे. सिरिंजमध्ये दिसलेला १ मिली हेच माप.

कोरडी पावडर टिचकी मारून किंवा कागदावर ओतून अर्धी करायचा विचारही नको. वायलच्या तळाशी जी पांढरी वडी दिसते तिच्यात औषध नावापुरतं असतं. सेट्रोटाइडच्या (सेट्रोरेलिक्सचंच एका कंपनीचं नाव) ०.२५ मिलिग्रॅमच्या वायलचं बघा, त्यात मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ ५४.८ मिलिग्रॅम असतो. म्हणजे डोळ्यांना दिसतं ते मॅनिटॉल, औषध त्याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी. पाव मिलिग्रॅम नुसतं ठेवलं असतं तर दिसलंही नसतं, आणि काचेला चिकटलेलं तिथेच राहिलं असतं. ती वडी औषधाला आधार म्हणून असते. म्हणूनच एका वायलमध्ये वडी गच्च आणि दुसरीत भुसभुशीत किंवा तडकलेली दिसली तर दुसरीत औषध कमी आहे असं समजू नका.

ही औषधं कोरडी का येतात, तेही सांगतो. सेट्रोरेलिक्स म्हणजे १० अमिनो आम्लांची साखळी, पेप्टाइड. एचएमजीमधल्या एफएसएच या हार्मोनमध्ये दोन मोठ्या साखळ्या, एक ९२ ची आणि एक १११ ची. गोळी करून दिली तर पोटात वरण-भाताबरोबर पचून जाईल, म्हणून इंजेक्शन. आणि पाण्यात विरघळवून महिनोन् महिने ठेवली तर साखळी तुटते, एकमेकींना चिकटते, म्हणून गोठवून, पाणी उडवून कोरडी केलेली. पाणी घातलं की तिचं घड्याळ सुरू झालं म्हणून समजा.

म्हणून फ्रीजमधल्या त्या अर्ध्या वायलींचं उत्तर सरळ आहे. फेकून द्या. महाग औषध टाकताना जीव होत नाही हे कळतं. पण यात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं काहीही नसतं, एकदा सुई टोचलेलं बूच पुन्हा निर्जंतुक होत नाही, आणि उद्या त्यात किती ताकद उरली असेल ते बघून सांगता येत नाही. दीड वायलचा डोस घेणं म्हणजे रोज अर्धी वायल कचऱ्यात घालणं. दुकानदाराला हेच सांगा, तो ७५ ची मागवेल.

आता दोन वायलींचा डोस एकाच सुईत कसा घ्यायचा ते सांगतो. हात साबणाने धुऊन पुसा, पंखा बंद करा, ओटा किंवा टेबल पुसून घ्या. वायलचं प्लॅस्टिकचं झाकण उडवा, पण त्याखालची ॲल्युमिनियमची कडी आणि रबरी बूच काढू नका. स्पिरिटच्या बोळ्याने बूच पुसा आणि वाळू द्या. फुंकर मारू नका. अर्धवट ओलं असताना टोचलं तर स्पिरिट सुईबरोबर आत जातं.

काचेच्या ॲम्प्यूलच्या मानेत पाणी अडकलेलं असतं, टिचकी मारून खाली उतरवा. मानेवर रंगीत ठिपका असेल तर तो तुमच्याकडे करा, त्यावर अंगठा ठेवा आणि मागच्या बाजूला, म्हणजे ठिपक्यापासून लांब मोडा. भोवती कापूस किंवा गॉज धरा. उलटं मोडलं तर काच चुरते. चुरा दिसला तर ते पाणी वापरू नका. पाणी ओढायला आणि वायलमध्ये घालायला जाड सुई, स्वतःला टोचायला वेगळी बारीक सुई. यात कंजूषी नको. रबरातून गेलेल्या सुईचं टोक बोथट होतं आणि पोटाला तेच दुखतं.

वायल टेबलावर उभी ठेवा. सुई बुचाच्या मधोमध, पण आधी जराशी तिरकी, भोक असलेली बाजू वर करून टेकवा, मग सरळ करत आत घाला. एकदम सरळ दाबली तर रबराचा तुकडा निघून औषधात पडतो, काळा किंवा करडा कण तरंगताना दिसतो. पाणी वडीवर धार सोडून घालू नका, काचेच्या भिंतीवरून हळू ओघळू द्या. काही वायलींत हवा कमी केलेली असते, तिथे दांडा आपोआप आत खेचला जातो. तेव्हा तो अंगठ्याने धरून ठेवा, नाहीतर पाणी जोरात आदळतं आणि फेस होतो.

मग वायल हलवा, पण लहान मुलाच्या औषधाची बाटली हलवतो तशी नाही. दोन तळव्यांमध्ये धरून हळू फिरवा, किंवा टेबलावर गोल गोल घुमवा. जोरात हलवल्यावर जो फेस होतो, त्याच्या प्रत्येक बुडबुड्याच्या पापुद्र्यावर ही साखळी उलगडते आणि निकामी होऊ शकते. शिवाय फेस सिरिंजमध्ये येत नाही, म्हणून त्यातलं औषध वायलमध्येच राहतं. फेस झालाच तर पाच मिनिटं वायल तशीच ठेवून द्या, तो बसतो. बुचाला आतून पावडर चिकटलेली असेल तर वायल उलटी करून पाणी तिथवर नेऊन आणा. वडी एक-दोन मिनिटांत विरघळते. पाणी स्वच्छ, पारदर्शक दिसलं पाहिजे. उजेडासमोर धरून बघा. गढूळ असेल, धागे किंवा कण असतील, तर ती वायल घेऊ नका आणि फेकूही नका. खोक्यासकट सेंटरला दाखवा, बदलून मिळू शकते आणि बॅच नंबर त्यांना लागतो.

पहिली वायल विरघळली की सगळं ओढून घ्या. वायल उलटी धरली की सुईचं टोक पाण्याच्या पातळीच्या खाली, बुचाच्या अगदी जवळ आणा. टोक वर हवेत राहिलं तर नुसती हवा येते आणि औषध बुचापाशी साचून राहतं. हेच औषध दुसऱ्या वायलमध्ये पाणी म्हणून घाला. दुसरं ॲम्प्यूल फोडायचं नाही. ती विरघळली की पुन्हा सगळं ओढा. आता सिरिंजमध्ये साधारण १ मिली आहे आणि त्यात २२५ युनिट आहेत. ७५ च्या तीन वायली असतील तर हेच तीनदा. त्याहून जास्त वायली एका मिलीत घालायच्या झाल्या तर त्या कंपनीचं पत्रक बघा किंवा सेंटरला विचारा.

सुई बदलण्याआधी एक छोटी गोष्ट करा. दांडा किंचित मागे ओढा, म्हणजे जाड सुईत अडकलेलं औषध नळीत येतं. सुईत आणि तिच्या बुडख्यात मिळून पाच ते दहा शतांश मिली औषध राहू शकतं. प्रत्येक वेळी ते सुईबरोबर फेकलं तर डोस तेवढा कमी होतो. मग बारीक सुई लावा, सिरिंज उभी धरून टिचकी मारा, हवा वर आली की दांडा हळू सरकवा आणि सुईच्या टोकावर पहिला थेंब दिसला की थांबा.

बुडबुड्याची भीती मालिका-सिनेमांतून आपल्या मनात बसली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. तुम्ही घेताय ते इंजेक्शन कातडीखालच्या चरबीत जातं, शिरेत नाही. तिथे मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा गेला तरी जिवाला काही होत नाही. बुडबुडा काढायचा तो डोससाठी, कारण तो जेवढी जागा व्यापतो तेवढं औषध कमी जातं. तो काढता काढता औषधाच्या चिळकांड्या उडवल्यात तर डोस त्याहून जास्त कमी होईल. बारीकसा राहिला तर राहू द्या.

बेंबीपासून दोन बोटं लांब, खालच्या पोटावर चिमटीत कातडी धरा, सुई घाला, दांडा सावकाश दाबा, दहा अंक मोजा, मग सुई काढा. चोळू नका. उजवी-डावी बाजू रोज आलटून पालटून घ्या. एचएमजीच्या काही कंपन्यांचं इंजेक्शन फक्त स्नायूत द्यायचं असतं, म्हणून खोक्यावर कातडीखाली द्यायची परवानगी लिहिली आहे ना, हे एकदा नक्की बघा. कंपनी बदलून मिळाली तर पुन्हा बघा.

सेट्रोरेलिक्सचं काम वेगळं आहे, म्हणून त्याचे नियमही वेगळे. फॉलिकल वाढत असताना मेंदूकडून एलएच या हार्मोनची लाट येते आणि अंडी वेळेआधी सुटतात, ती लाट हे औषध अडवून धरतं. म्हणून ते रोज ठरलेल्या वेळीच, चोवीस तासांच्या अंतराने घ्यायचं. उशीर झाला, विसरलं, तर ‘आता उद्या घेऊ’ असं स्वतः ठरवू नका, रात्री असली तरी सेंटरच्या नंबरवर विचारा.

एचएमजीत ते मिसळायचं नाही. दोन सुया, पोटाच्या दोन बाजूंना. त्याच्या खोक्यात त्याचं स्वतःचं १ मिली पाणी येतं, तेच वापरायचं. एचएमजीसोबत काही कंपन्या ०.९ टक्क्यांचं सलाईन देतात. ते उरलंय म्हणून सेट्रोरेलिक्समध्ये घालू नका. घरचं उकळलेलं, फिल्टरचं, आरओचं किंवा बाटलीतलं पाणी तर कशातच नाही. उकळून जंतू मरतात, पण त्यांच्या कवचाचे अवशेष पाण्यातच राहतात आणि टोचले गेले तर थंडी वाजून ताप येतो. इंजेक्शनच्या पाण्यात ते अवशेष राहू नयेत म्हणून वेगळी प्रक्रिया केलेली असते. बाकी कृती तीच आहे. भिंतीवरून पाणी, हळू घुमवणं, पूर्ण वायल. सिरिंजमध्ये भरलं की लगेच घ्यायचं, सकाळी बनवून संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. टोचल्या जागी लालसर चट्टा उठतो, खाज येते, तो काही तासांत जातो. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, दम लागला तर १०८ ला फोन करा.

सेट्रोरेलिक्स ठेवायचं फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांवर, खोक्यातच, कारण उजेडही लागू द्यायचा नाही. फ्रीजच्या दारात नको, सारखं उघडझाप होते, आणि बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको. मधल्या फळीवर, डब्यात. घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गार औषध जास्त झोंबतं. एचएमजीच्या कोरड्या वायली बऱ्याच कंपन्यांच्या २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात, पण अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा ‘बाहेर’ म्हणजे २५ अंश नव्हेत. त्याही फ्रीजमध्येच ठेवा. नागपूरला नेताना थर्मासच्या पिशवीत बर्फाची पाकिटं फडक्यात गुंडाळून ठेवा आणि औषधाचं खोकं त्यांना थेट टेकू देऊ नका. गोठलं तरी बिघडतं. उन्हात उभ्या गाडीत औषध ठेवून जेवायला उतरू नका.

सुया आणि फुटलेली ॲम्प्यूल घंटागाडीच्या पिशवीत टाकू नका. कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या ताईंना त्या टोचतात. तेलाचा किंवा फिनाईलचा जाड प्लॅस्टिकचा कॅन घ्या, सुईला पुन्हा टोपण न लावता सरळ त्यात सोडा, आणि भरला की सेंटरला घेऊन जा.

आता तुमच्या दिराचं. नाही, करून देऊ नका, आणि त्यालाही घेऊ देऊ नका. हिशोब अवघड आहे म्हणून नव्हे. ५ मिलिग्रॅमला अमुक पाणी घातलं की तमुक रेघ, हे गणित तुम्ही आता कुणालाही शिकवू शकाल. पण गणिताची सुरुवातच बाटलीवरच्या आकड्यापासून होते, आणि त्या बाटलीवरच्या ५ ची हमी कुणी घेतलेली नाही. तुमच्या वायलवर परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि बनवणाऱ्याचा पत्ता असतो, आणि आत तेवढंच औषध आहे व ते निर्जंतुक आहे, याची जबाबदारी कायद्याने त्या कंपनीवर असते. त्याच्या बाटलीवर बहुधा ‘फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही’ असं लिहिलेलं सापडेल. बघायला सांगा. बीपीसी-१५७ ला माणसांवरचं औषध म्हणून मंजुरी नाही, माणसांवरचा अभ्यास फार थोडा आहे. त्यात काय मिसळलंय, जंतूंचे अवशेष आहेत का, हे वडीकडे बघून कुणालाच कळत नाही, तुम्हालाही आणि जिमच्या ट्रेनरलाही. तो स्पर्धेत उतरत असेल तर आणखी एक गोष्ट त्याला सांगा. वाडाने (खेळाडूंच्या उत्तेजक औषधांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था) २०२२ पासून हे पेप्टाइड बंदीच्या यादीत घातलंय. खांदा किंवा गुडघा दुखतोय म्हणून तो हे शोधत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. त्या दुखण्याला उपचार आहेत. आणि तुमच्या सुया, तुमचं इंजेक्शनचं पाणी त्याला उसनं देऊ नका.

शेवटी ट्रिगरच्या रात्रीबद्दल. ती आठवडाभरात येईल आणि तेव्हा फोनवर समजावून घ्यायला वेळ नसेल. कोणतं इंजेक्शन, ते डॉक्टर तपासणीवरून ठरवतील. एचसीजी असेल तर तेही बहुधा पावडरचंच, ५००० युनिटची वायल. १०,००० लिहिले असतील तर दोन वायली, आणि त्या वर सांगितल्या तशाच, एकाच मिलीत एकामागून एक. त्यात मोजायचं काही नसतं, वेळ मात्र मिनिटावर पाळायची, कारण अंडी काढायची वेळ त्या सुईपासून ३४ ते ३६ तासांवर ठरवलेली असते. साडेदहा सांगितले असतील तर दहाला वस्तू मांडायला घ्या. खोक्यावरचं नाव आणि आकडा मिस्टरांना मोठ्याने वाचायला सांगा आणि चिठ्ठीतला आकडा तुम्ही वाचा. वायली, पाणी, दोन्ही सुया आणि एक जादा सिरिंज दुपारीच तपासून ठेवा, म्हणजे काही कमी पडलं तर मेडिकल उघडं असतानाच कळेल. टोचून झालं की घड्याळातली वेळ आणि रिकाम्या वायलींचा फोटो सेंटरला पाठवा. वायली फेकू नका, अंडी काढायच्या दिवशी सोबत घेऊन जा.